जॅक आहे, पण लागलेला नाही

आमच्या गाडीखालून मांजर जात नाही. एक गेलं होतं, ते अर्ध्यातून उलटं बाहेर आलं, आणि तेव्हापासून इमारतीतली सगळी मांजरं गाडीला वळसा घालून जातात.

गाडी मला विकणारा तरुण म्हणाला होता, "थोडी खाली आणलीय हं." मला वाटलं, किंमत. मी खूश होऊन लगेच हो म्हटलं. पहिल्याच गतिरोधकावर कळलं की त्याने स्प्रिंगा कापून अख्खी गाडी खाली आणली होती. त्यात त्याला ऐट दिसायची. मला पोटातून येणारा खर्रर्र असा आवाज तेवढा ऐकू आला. तेव्हापासून गतिरोधक दिसला की मी गाडी तिरकी घालतो, गुडघे दुखणारा माणूस जिना उतरतो तशी. मागचे लोक हॉर्न वाजवतात. मी आरशात बघून मान डोलावतो, जणू कौतुक चाललंय.

आई पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा बराच वेळ नुसती खालीच जात राहिली. शेवटी टेकली.

"आई, दार लाव ना."

"दार वर राहिलं," ती म्हणाली.

तरीही गाडीवर माझा जीव होता, कारण ती मला बायकोकडे नेत असे. आम्ही दोघं एकाच खात्यात नोकरीला. मी इथल्या कार्यालयात आणि ती दुसऱ्या गावच्या शाखेत. लग्न झाल्यापासून आमचा संसार शनिवार-रविवारचा. तिने बदलीसाठी अर्ज केला होता आणि आता आमच्या कार्यालयात एक जागा रिकामी झाली होती. अर्ज आमच्या साहेबांच्या टेबलावर होता. सोमवारी निर्णय व्हायचा होता.

साहेबांना सगळे काटकोन म्हणत. ते खुर्चीत काटकोनात बसत, पेन्सिल टेबलाच्या कडेला समांतर ठेवत आणि नियमाला कुठेही बाक येऊ देत नसत. ओळख, वशिला, शिफारस, म्हणजे आमच्या कार्यालयाच्या बोलीत जॅक. ही वस्तू कुठल्याही नावाने आली तरी ते दारातून परत पाठवत. केबिनबाहेर पाटीच होती: 'शिफारस आणणाऱ्याचा अर्ज सर्वांत शेवटी वाचला जाईल.' पाटी अगदी सरळ लावलेली होती. मी एकदा डोकं तिरकं करून तपासलं होतं.

"माझा अर्ज सगळ्यात जुना आहे," बायको फोनवर म्हणाली, "आणि जागा माझ्याच कामाची आहे. तू फक्त एक कर."

"काय?"

"काही करू नकोस."

नेमकं हेच मला जमत नाही. पण मी शब्द दिला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आलो तर गाडीचं पुढचं डावं चाक बसलेलं.

तसं चाक बसल्याचं मला कळलंच नसतं. आमच्या गाडीचं काय बसलंय आणि काय मुळातच तसं आहे, हे ओळखणं अवघड जातं. ते इमारतीच्या सेक्रेटरींनी ओळखलं. गाडी पंपाच्या खोलीच्या दारासमोर उभी होती आणि वर त्यांनी स्वतः लावलेली 'येथे वाहन उभे करू नये' ही पाटी एका स्क्रूवर लोंबकळत होती. माझ्या मते पाटी वाकडी असेल तर ती लागू होत नाही. सेक्रेटरींचं मत वेगळं होतं. ते घरच्या चपलांवरच माझ्या दारात आले.

"सोमवारी पंप दुरुस्त करायला माणूस येणार आहे. त्याच्या आत चाक बदला, नाहीतर इमारतीचं पाणी बंद आणि त्याला जबाबदार तुम्ही."

मी डिकी उघडली. स्टेपनीच्या आणि जॅकच्या जागी एक भलामोठा स्पीकर बसवलेला होता. त्या तरुणाने आयुष्यात कशाला महत्त्व द्यायचं हे पक्कं ठरवलेलं होतं. म्हणजे आता गाडी उचलायची, चाक काढायचं आणि पंक्चरवाल्याकडे न्यायचं, एवढं करणं भाग होतं. मी पंक्चरवाल्यालाच बोलावून आणलं. तो आपला जॅक घेऊन आला, जमिनीवर आडवा झाला, गाडीखाली बघितलं आणि कपडे झटकत उठला.

"माझा नाही जाणार. याच्याखाली हवा तरी जाते का?"

"मग काय करू?"

"लो-प्रोफाइल जॅक बघा. बुटका असतो. चपटा. चाकांवर सरकत आत जातो आणि दांडा हलवला की वर येतो." एवढं बोलून तो स्वतःचा उंच जॅक खांद्यावर टाकून निघून गेला.

इथे सुचवूकाका आले. हे आमच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ. कुठेही दोन माणसं वाकून काही बघत असली की ते तिसरे वाकतात आणि म्हणतात, "सुचवू का?" उत्तराची वाट बघत नाहीत. त्यांनी गाडीखाली हात घातला, बाहेर काढला, दोन तळव्यांत तेवढंच अंतर धरलं आणि म्हणाले, "एवढा जॅक आण. हे माप धर."

मी माझे तळवे त्यांच्या तळव्यांजवळ नेऊन माप घेतलं आणि तसेच हात धरून दुकानापर्यंत गेलो. वाटेत एकदा नाक खाजलं. माप बिघडलं असेल तर ते तिथे.

"लो-प्रोफाइल जॅक आहे?" मी हात पुढे करून विचारलं.

"आमच्याकडे सगळं लो-प्रोफाइलच," दुकानदार म्हणाला. "आम्ही जाहिरात करतच नाही."

जॅक लाल रंगाचा होता, देखणा होता आणि घरी आणल्यावर फक्त एका बोटाने उंच निघाला. त्याचं नाक गाडीखाली जाई, कपाळ अडकत असे. म्हणजे परिस्थिती अशी होती की गाडी बोटभर उचलली तर जॅक आत जाईल, आणि जॅक आत गेला तर गाडी बोटभर उचलता येईल. मी हा पेच आईला समजावून सांगितला. ती म्हणाली, "तुझ्या वडिलांनाही असंच शेवटी सगळं माझ्याकडे आणून टाकायची सवय होती," आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून मी एका मोठ्या दुकानाला फोन लावला. माझ्या शेजारच्या टेबलावर वायरलेस बसतो. त्याचं खरं नाव त्याच्या पगारपत्रकावर असेल. तो एका कानाने काम करतो आणि दुसऱ्याने ऐकतो, आणि कामाचा कान जरा अधू आहे. हे मला ठाऊक होतं. पण मला लपवायचं काही नव्हतं, म्हणून मी मोकळेपणाने बोललो.

"जॅक हवाय... हो, तातडीने. सोमवारच्या आत काम व्हायला पाहिजे. नाही नाही, लो-प्रोफाइलच हवा. एक बघितला, पण तो फार उंच, खाली यायलाच तयार नाही... वरून दिसला नाही तरी चालेल, गुपचूप खालून सरकला पाहिजे... वजन? वजन तर हवंच. त्याशिवाय कसं उचलणार?... हो, बदलायचंच आहे. एकदा बदललं की सुटलो."

फोन ठेवला तेव्हा वायरलेसची खुर्ची माझ्या टेबलाला चिकटलेली होती.

"वहिनींसाठीच चाललंय ना सगळं?" त्याने हळूच विचारलं.

"नाहीतर कोणासाठी? ती तिकडे नसती तर मी या भानगडीत पडलोच नसतो."

"माझ्या ओळखीत एक आहे."

"लो-प्रोफाइल?"

"एकदम. त्याच्या घरच्यांनाही पत्ता नसतो."

"उंची किती?"

वायरलेस गोंधळला. "असेल साडेपाच फूट."

"छे! मला चार बोटांच्या फटीतून जाणारा हवाय."

त्याच्या चेहऱ्यावर जो आदर उमटला तसा माझ्या बाबतीत मी आजवर कुठे बघितला नव्हता. "एवढा?" तो पुटपुटला. "तू कुठवर पोचलायस रे?"

"अजून कुठेच नाही. सध्या अडकलोय. तुझ्या त्या जॅकचं तेलाचं कसं आहे?"

"तेल तर लावावंच लागतं," वायरलेस म्हणाला.

"साहजिक आहे," मी म्हटलं. "तेलाशिवाय वर जातच नाहीत ते."

त्याने माझा हात हातात घेतला, दाबला आणि उठून गेला. दुपारपर्यंत लोक माझ्याशी अदबीने वागू लागले. शिपायाने न सांगता चहा आणला. लेखा विभागातल्या बाई, ज्या मला जिन्यात ओळखत नाहीत, त्या म्हणाल्या, "आमचंही बघा काहीतरी." मी म्हटलं, "एकदा मला मिळाला की तुम्हीही वापरा. पडूनच राहणार आहे." त्यांचे डोळे पाणावले.

चहाचा कप खाली ठेवतो न ठेवतो तोच साहेबांचं बोलावणं आलं.

"तुम्ही जॅक शोधताय असं कानावर आलं," साहेब म्हणाले.

साहेबांना माझ्या चाकाची काळजी! मला भरूनच आलं. "हो साहेब. कालपासून."

"मिळाला?"

"एक मिळाला, पण तो पुरेसा खाली येत नाही. दुसऱ्याच्या मागे आहे."

"हे तुम्ही माझ्या तोंडावर सांगताय."

"यात लपवण्यासारखं काय, साहेब? उलट तुमच्या बघण्यात एखादा असेल तर..."

साहेबांनी पेन्सिल सरळ केली. ती सरळच होती. "आणि नियमांचं काय?"

"नियम सेक्रेटरींनी सांगितलेत. पण तेच म्हणाले, काहीही करा, सोमवारच्या आत बदला."

"सेक्रेटरी?" साहेबांचा काटकोन प्रथमच थोडा उघडला. "सेक्रेटरी तुमच्याशी बोलले?"

"दारात आले होते, साहेब. घरच्या चपलांवर."

मग साहेबांनी समोरच्या गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा अर्ज उचलला. वरून मला बायकोची सही दिसली. तिची सही नेहमी जरा वर चढत जाते. साहेबांनी तो अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

"पाटी तुम्ही वाचली असेल," ते म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तोही एकदम, झोपेत कोणीतरी दिवा लावावा तसा.

"साहेब, गाडीचा जॅक!" मी ओरडलो. "लोखंडाचा! गाडीखाली घालतात तो! चाक पंक्चर झालंय, पुढचं डावं! सेक्रेटरी इमारतीचे! माझी गाडी बुटकी आहे, साहेब!"

"वायरलेस म्हणाला, तुम्ही तेलाबद्दलही बोललात."

"हायड्रॉलिक, साहेब!"

साहेब माझ्याकडे टक लावून बघत राहिले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते विचारात पडले, आणि काटकोन माणूस विचारात पडला की दोन्ही बाजूंनी पडतो.

"ऐकीव गोष्टीवरून मी शिफारस घेत नाही," ते शेवटी म्हणाले, "म्हणून ऐकीव गोष्टीवरून शिक्षाही देऊ शकत नाही. रविवारी सकाळी मी स्वतः येऊन पाहणी करेन. तोवर गाडी आहे तशी राहू दे. हवा भरू नका, हलवू नका, उचलू नका. पंक्चर जागेवर दिसलं पाहिजे."

त्या दिवशी बायकोचा फोन आला. तिकडच्या शाखेतही बातमी पोचली होती, थोडी वाढून. तिथे मी मंत्र्याच्या मेव्हण्याला चार बोटांच्या फटीतून आत घेतलं होतं.

"मी सांगितलं होतं ना, काही करू नकोस?"

"मी काहीच केलं नाही. गाडी तिथेच आहे."

"मग साहेब घरी का येतायत?"

"पंक्चर बघायला."

ती अगदी हळू म्हणाली, "अरे, मी इतकी वर्षं कोणाकडेही शब्द टाकला नाही. का माहितीये? तिथे पहिल्या दिवशी आले ना, तर कोणी माझ्याकडे बघून डोळा मिचकावलेला मला नकोय. मला मान वर करून यायचंय."

मला पटकन सुचलं की आपल्या गाडीत मान वर करता येत नाही, टप लागतो. पण आयुष्यात प्रथमच सुचलेलं न बोलता मी म्हटलं, "येशील." आणि ते पंक्चर डोळ्यांत तेल घालून जपायचं ठरवलं.

पंक्चर जपणं फार कठीण असतं. पंक्चर दिसलं की माणसातला चांगुलपणा जागा होतो. दोन दिवस ज्यांनी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं, ते रविवारी सकाळी उत्साहाने खाली उतरले होते. सुचवूकाकांनी त्यांना घरोघर जाऊन गोळा केलं होतं. मी जिना उतरलो तेव्हा त्यांच्या हातात दोन जाड फळ्या होत्या.

"सुचवू का? चाक फळीवर चढवायचं. गाडी आपोआप वर. जॅक आपोआप आत."

"काका, आज नको. आज हात लावायचा नाही. साहेब येणार आहेत पंक्चर बघायला."

गर्दी जरा विचारात पडली. इतके मोठे पाहुणे आमच्याकडे इतक्या साध्या गोष्टीसाठी कधी आले नव्हते.

"साहेब येणार आणि त्यांना तू मोडकी गाडी दाखवणार?" सेक्रेटरी म्हणाले. "इमारतीची काही अब्रू आहे की नाही?"

"अहो, मोडकीच दाखवायची आहे!"

"लाजू नकोस रे," काका माझी पाठ थोपटत म्हणाले. "आम्ही आहोत ना."

मी गाडीसमोर आडवा हात करून उभा राहिलो. चार जणांनी मला प्रेमाने उचलून बाजूला ठेवलं. मला उचलायला त्यांना जॅक लागला नाही, हे इथे नमूद करतो. मग त्यांनी गाडी ढकलली. पण चाकाच्या आधी फळीला पोचला तो बंपर, कारण आमच्या गाडीत सगळ्यात पुढे आणि सगळ्यात खाली तोच आहे. कडाड असा आवाज झाला आणि बंपरचा एक कोपरा ओठ फुगवल्यासारखा बाहेर आला.

"फळी नाही चालली," काका म्हणाले, जणू फळीचीच कल्पना होती ती. "दुसरं सुचवू का? सगळ्यांनी मागे बसायचं. मागचं खाली गेलं की पुढचं वर येईल. झोका असतो ना, तसं."

तीन जण मागच्या सीटवर शिरले, दोन डिकीत स्पीकरवर बसले, आणि सेक्रेटरी आपण नाही म्हणत म्हणत डिकीच्या काठावर टेकले. गाडी मागून जमिनीला लागली. पुढून ती खरोखरच बोटभर उचलली गेली. काकांनी ती संधी साधून लाल जॅक पायाने आत ढकलला.

"गेला!" काका ओरडले.

"गेला!" म्हणून आनंदाने सगळे एकदम खाली उतरले, आणि गाडी जॅकवर येऊन बसली.

आता जॅक पूर्ण आत होता. दांड्याचं भोक बंपरच्या फुगलेल्या ओठामागे गेलं होतं, त्यामुळे दांडा घालता येईना आणि दांड्याशिवाय जॅक वर येईना. मागेही येईना, कारण डोक्यावर गाडी होती. आदल्या दिवशी माझ्याकडे एक बसलेलं चाक होतं. आता बसलेलं चाक, फुगलेला बंपर आणि अडकलेला जॅक होता. पुराव्यांत अशी भरभराट झालेली मी प्रथमच बघत होतो.

नेमके त्याच वेळी साहेब फाटकातून आत आले. सायकलवर. पाठ ताठ, उजव्या पायाच्या विजारीला चिमटा, आणि सुट्टीचा दिवस असूनही पांढरा शर्ट. त्यांनी सायकल भिंतीला काटकोनात लावली.

"हीच का गाडी?"

"हो, साहेब."

"उभी आहे की...?"

"उभी आहे, साहेब. तिची उंचीच तेवढी."

साहेबांनी खिशातून मोजपट्टी काढली. मग कोणाला कल्पनाही नसताना ते गुडघ्यांवर बसले, मग कोपरांवर, आणि शेवटी त्यांनी गाल फरशीला लावून गाडीखाली बघितलं. काटकोन साहेबांना सपाट झालेलं बघणारे आम्ही बहुधा पहिलेच. आई वरच्या खिडकीतून म्हणाली, "अहो, खाली सतरंजी तरी घाला कोणीतरी," पण कोणाचा पाय हलला नाही.

"चाक पंक्चर आहे," साहेबांचा आवाज गाडीखालून आला. "जॅक आहे." मग निकाल वाचावा तसे ते म्हणाले, "जॅक आहे, पण लागलेला नाही."

माझ्या छातीवरून गाडी उतरली. जिची उंची तेवढीच आहे, तीच.

साहेब उठले. शर्टावर तेलाचा काळा पट्टा उमटला होता, अगदी सरळ. पाहणी संपली होती. त्यांनी जायला हवं होतं. पण त्यांनी एकदा अडकलेल्या जॅककडे बघितलं, एकदा आम्हा सगळ्यांकडे बघितलं, आणि त्यांच्यातला नीटनेटका माणूस जाईना.

"तुम्ही इतके जण आहात," ते म्हणाले, "मग गाडीत कशाला बसता? बाहेर राहून उचलत का नाही?"

सुचवूकाका आभाळाकडे बघू लागले. "मी हेच सुचवणार होतो," ते म्हणाले.

सगळ्यांनी पुढची डावी बाजू धरली. एक माणूस कमी पडत होता. सेक्रेटरींनी कंबर दाखवली. तेव्हा साहेबांनी बाह्या दुमडल्या, दोन्ही बाजूंच्या घड्या सारख्या आहेत ना ते बघितलं, आणि खाली बसून गाडीला हात घातला.

"एक, दोन, तीन!"

गाडी वर आली. मी लाल जॅक ओढून काढला. कोणीतरी फळ्या धावत आणल्या, त्या एकावर एक रचून आम्ही गाडी त्यांच्यावर टेकवली, आणि त्या ठोकळ्यावर ती इतकी उंच दिसू लागली की मला तिची ओळखच पटेना. मी चाकाचे नट सोडवले. टायरमध्ये एक स्क्रू रुतलेला होता, पितळी, जाड डोक्याचा. सगळ्यांनी तो बघितला. मग सगळ्यांनी मान वर करून एका स्क्रूवर लोंबकळणारी 'येथे वाहन उभे करू नये' ही पाटी बघितली. तिच्या उरलेल्या स्क्रूचं डोकंही तसंच होतं.

"वाऱ्याने पडला असेल," सेक्रेटरी म्हणाले आणि पंपाच्या खोलीकडे काहीतरी तपासायला गेले.

सगळं खरं तर इथेच चांगलं संपायचं. पण फाटकाबाहेर वायरलेस उभा होता. सुट्टीच्या दिवशी बातमी जिथे असेल तिथे त्याचे पाय त्याला नेतात. साहेब माझ्या गाडीला हात घालून खाली बसले आहेत, चेहरा लाल झाला आहे, आणि मी शेजारी "अजून थोडा जोर लावा, साहेब!" म्हणतो आहे, हा फोटो त्याने काढला. सोमवारी सकाळी तो सगळ्यांच्या फोनवर होता. खाली लिहिलं होतं: 'वहिनींच्या बदलीसाठी साहेबांनी स्वतः जोर लावला.'

साहेबांनी मला बोलावलं. फोटो त्यांनीही बघितला होता.

"तुमच्यावरचा आरोप मी काढून टाकलाय," ते म्हणाले. "पण आता दुसरी अडचण आहे. मी तुमची गाडी उचलली. तुमच्या आईंनी मला चहा दिला. तो मी घेतला. म्हणजे या अर्जाच्या बाबतीत मी आता तटस्थ राहिलेलो नाही."

"साहेब, पण गाडी तर..."

"गाडी तुमची आहे. अर्ज तुमच्या पत्नीचा आहे. मी त्याला हात लावणार नाही." त्यांनी अर्ज दोन बोटांनी उचलून उपसाहेबांकडे पाठवला.

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. उपसाहेबांनी नोकरीत आजवर एकच निर्णय घेतला होता आणि तो म्हणजे 'चर्चा करू.' त्यात त्यांनीही फोटो बघितला होता आणि ते भयंकर घाबरले होते. अर्ज मंजूर केला तर लोक म्हणतील जॅक लागला. नामंजूर केला तर जॅक लावणारे स्वतः साहेब! त्यांनी सगळी नियमावली उघडली. अर्जात खोट सापडली तर आपली सुटका होईल म्हणून ते दारं लावून खोट शोधू लागले. सेवेची वर्षं तपासली. तारखा तपासल्या. शिक्का उलटा करून बघितला. तिकडच्या शाखेला फोन करून तिच्या कामाबद्दल विचारलं, आणि तिकडून इतकं चांगलं ऐकायला मिळालं की ते अजूनच खचले. संध्याकाळी कार्यालय सुटायच्या सुमाराला ते घामाघूम होऊन बाहेर आले.

"काहीच सापडलं नाही," ते मला केविलवाण्या आवाजात म्हणाले. "नाइलाज आहे. नियमाप्रमाणे करावं लागतंय."

मी बायकोला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझा अर्ज कोणी तरी मन लावून वाचला?"

"इतका की बिचारे आजारी पडणार आहेत."

ती हसायला लागली आणि बराच वेळ थांबली नाही. मीही हसलो. मग तिने विचारलं, "आणि जॅक?"

जॅक मी बदलून आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, "लागलेला माल परत घेत नाही." मी म्हटलं, "लागलेला नाही, असा साहेबांचा निर्णय आहे. गाडीखाली जाऊन दिलाय." त्याने जॅक परत घेतला. या वेळी माप मी हवेत धरून नेलं नाही. मोजपट्टी नेली, आणि जमिनीला लागेल इतका चपटा, लांब नाकाचा, काळा जॅक निवडला. तो दुकानात इतक्या खाली ठेवलेला होता की आधी मला दिसलाच नव्हता.

बायको आली ती सगळं सामान घेऊन. सामान भरल्यावर गाडी आणखी खाली बसली आणि इमारतीच्या फाटकातल्या उंचवट्यावर पोट टेकून अडकली. मी दार उघडायच्या आत सुचवूकाका, सेक्रेटरी आणि बाकी मंडळी न बोलावता बाहेर आली, त्यांनी चारी बाजूंनी हात घातले आणि आम्हा दोघांना सामानासकट आत आणून ठेवलं. बायको खिडकीतून सगळ्यांना नमस्कार करत होती. सेक्रेटरींनी नवी पाटी लावली होती, चार स्क्रूंची.

कार्यालयातल्या तिच्या पहिल्या दिवशी वायरलेसने दुपारपर्यंत दम धरला. मग त्याची खुर्ची तिच्या टेबलाला येऊन चिकटली.

"वहिनी, आता आपण एकाच ठिकाणी आहोत म्हणून विचारतो," त्याने आवाज खाली आणला. "खरं सांगा, जॅक कोणाचा होता?"

आजूबाजूचं टायपिंग थांबलं. लेखा विभागातल्या बाई पाणी प्यायच्या थांबल्या. मी टेबलाखाली जाता येईल का ते बघत होतो.

बायकोने खुर्ची मागे सरकवली, मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमचाच आहे. डिकीत असतो. बघायचाय?"

सगळे खाली आले. बघायचा होताच सगळ्यांना. तिने डिकी उघडली, स्पीकर बाजूला सारला आणि जॅक दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवला. वायरलेसने त्याच्याभोवती एक फेरी मारली. इतक्या दिवसांची बातमी इतकी लहान निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

गर्दीच्या मागून एक मोजपट्टी पुढे आली. तिच्यामागे साहेब होते.

"खाली किती बसतो?" त्यांनी तिला विचारलं.

"चार बोटांच्या आत, साहेब."

"बोटं नको. नीट मोजून सांगा," साहेब म्हणाले, आणि दोघं गाडीशेजारी गुडघ्यांवर बसले.